तगरचा निळा मणी

नागपूरलगतच्या बेसा गावचे एक आजोबा आपल्या नातीसह पंढरपूरच्या यात्रेस निघाले होते. वाटेत धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे ती दोघे थांबली. तेथे तेरणेच्या काठी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. समाधीचे दर्शन घेऊन ती पुढे निघाली, तो समोर पांढरट मातीची टेकाडे दिसली. पावसाने धुपलेल्या एका उतारावर नातीला एक निळा मणी सापडला. तिने तो चटकन मुठीत धरला.

आजोबा म्हणाले, "बाळ, ही प्राचीन तगर नगराची भूमी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, हे मोठे व्यापारी नगर होते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचे नाव आढळते. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ते आहे, असे त्यात म्हटले आहे. येथील कापड गाड्यांतून बिकट वाटांनी भडोच बंदरास जाई. तेथून माल जहाजांनी इजिप्तला आणि पुढे रोमन साम्राज्यात पोहोचे."

मग ती दोघे गावातील संग्रहालयात गेली. तेथे नाणी होती, मणी होते, भाजलेल्या मातीच्या मूर्ती होत्या. हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती पाहून नात थबकली.

"अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती इटलीतील पाँपेई नगराच्या अवशेषांत १९३८ साली सापडली," आजोबा म्हणाले. "इ. स. ७९ मध्ये ते नगर ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यापूर्वीच आपल्या कारागिरांची कला तेथवर पोहोचली होती!"

"आजोबा, या वस्तू कोणी जमवल्या?"

"याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी. पायदळी जाणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे वेचल्या व जपल्या. पुढे हा संग्रह राज्य शासनाकडे आला. ज्याने त्याने सापडलेली वस्तू आपल्या घरी नेली असती, तर तगर आज कोणाला दिसले असते?"

नात क्षणभर गप्प राहिली. मग तिने तेथील सेवकांपुढे मूठ उघडली. "काका, हा मणी मला टेकाडावर सापडला."

"नेमका कोठे?" त्यांनी विचारले. "जागा कळली, तरच मणी आपली हकीकत सांगतो."

आणि ती जागा दाखवण्यासाठी नात पुढे धावली.

स्वाध्याय
१. तगरचा माल रोमन साम्राज्यापर्यंत कसा पोहोचत असे?
२. नातीने मणी परत का दिला?
३. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.