दसऱ्यापासून पुस्तकांचे दिवस

नागपुरात शिकायला राहिली आहेस, तर पाऊस सरला की पुढचे तीन-चार महिने संध्याकाळी जरा मोकळ्या ठेव, बेटा. नवरात्रातली व्याख्यानं, दसऱ्याला दीक्षाभूमी, कोजागरीचं कविसंमेलन, दिवाळी अंक, मग जिल्ह्याजिल्ह्यांतले ग्रंथोत्सव आणि थंडीत संमेलनं. वाचनालयाच्या टेबलामागे माझा जन्म गेला, त्यातून जे कळलं ते तुझ्या कानावर घालते. सगळं लक्षात राहिलं नाही तरी एवढं धर: लेखकाला बघायला म्हणून जाऊ नकोस. त्याचं काहीतरी वाचून जा. चार पानं का होईनात, पण वाचून जा.

दीक्षाभूमीचं आधी सांगते. तिथल्या गर्दीला कुणी पुस्तक महोत्सव म्हणत नाही, म्हणून तुझ्या वयाची पुष्कळ मुलं तिकडे त्या नजरेने बघतच नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या वर्षीच्या विजयादशमीला, बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. तेव्हापासून दरवर्षी माणसं येतात, आणि परत जाताना पुस्तकं घेऊन जातात. स्वतःला अक्षर येत नाही अशा बायाही नातवंडासाठी पुस्तक विकत घेतात. पुस्तकावर एवढा जीव असलेली माणसं बघायची असतील तर तिथे बघ. मला तरी दुसरीकडे दिसली नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी जा. स्टॉल लागलेले असतात आणि विक्रेत्याला तुझ्याशी बोलायला सवड असते. खुद्द दसऱ्याला पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी गेलीसच तर रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसांना आधी पुढे होऊ दे. त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची असते, तू इथेच राहतेस. जाड कापडाची पिशवी ने, पाण्याची बाटली ने, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर असतं. फोनवरून पैसे द्यायच्या भरवशावर राहू नकोस, एवढ्या गर्दीत नेटवर्क जातं. दहा, वीस, पन्नासच्या नोटा जवळ असू दे. विक्रेता ‘जय भीम’ म्हणाला तर तूही मनापासून म्हण. आणि भाव करू नकोस. लहान प्रकाशक लांबून गठ्ठे घेऊन येतात, जागेचं, जेवणाचं, गाडीभाड्याचं त्यातूनच निघायचं असतं.

काय घ्यायचं? दुकानात एरवी मिळतं ते नंतरही मिळेल. इथे आधी पातळ पुस्तिका बघ: कुणा कार्यकर्त्याचं चरित्र, एखाद्या गावच्या सत्याग्रहाची हकिगत, भीमगीतांचे संग्रह. हे कुठल्याही दुकानाच्या फळीवर येत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस तेच घेऊन येईल असंही नाही. शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंडही बघ. पहिला खंड १९७९ चा, आणि त्या कामाचा भार सुरुवातीला आपल्या नागपूरच्याच वसंत मून यांनी उचलला. बरेच खंड इंग्रजीत आहेत, पण अठराव्या खंडाच्या तीन भागांत मराठी भाषणं आहेत, ते आधी घे. मून यांचं ‘वस्ती’ मात्र जाण्याआधीच वाचून काढ. ज्या शहरात तू रोज बसने फिरतेस त्याच शहरातल्या एका वस्तीची ती आठवण आहे. आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ बघ. चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्याशी बोलून ते लिहिलंय. ते वाचून गेलीस की स्टॉलसमोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईशी काय बोलावं हा प्रश्न तुला पडणार नाही.

आता व्याख्यानाचं. वेळेच्या अर्धा तास आधी जा आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेत, कडेची खुर्ची धर. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांना लागतात आणि तिथून उठवलं की वाईट वाटतं. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार यांत वेळ जाणारच. त्यावर चिडू नकोस, ज्यांनी वर्गणी गोळा करून हा कार्यक्रम उभा केला त्यांची नावं घेतली जातात ती ऐक. त्यांच्यापैकी एकाची ओळख करून घेतलीस तर पुढच्या वर्षीची पत्रिका तुला घरपोच येईल. वक्ता बोलायला लागला की मोबाइल बंद. टिपण वहीत घे, आणि वाक्यं उतरवत बसण्यापेक्षा त्याने उल्लेखलेली पुस्तकं आणि माणसांची नावं लिही. तीच पुढे कामाची असतात.

प्रश्न विचारायची संधी मिळाली तर एका वाक्यात विचार. लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली, हे प्रत्येक जण विचारतो आणि उत्तरही प्रत्येक वेळी तेच येतं. त्याऐवजी अमक्या प्रकरणात ते पात्र मध्येच गावी का परततं, असं विचार. लेखक खुर्चीत सरसावून बसेल. आपलं पुस्तक कुणीतरी खरोखर वाचलंय हे कळायला त्याला फार वेळा मिळत नाही. बऱ्याच व्याख्यानमालांत प्रश्न चिठ्ठीवर मागवतात. तेव्हा अक्षर मोठं काढ आणि खाली नाव घाल. कार्यक्रम संपल्यावर सही घ्यायची असेल तर आपलं नाव कागदावर लिहून पुस्तकात ठेव, म्हणजे रांग खोळंबत नाही. आपली कवितांची वही त्याच्या हातात देऊ नकोस. पुस्तक फुकट मागू नकोस, कधीच मागू नकोस.

कोजागरीच्या कविसंमेलनात नामवंत शेवटी वाचतात, आणि लोक त्यांच्याचसाठी उशिरा येतात. तू सुरुवातीला जा. आधी वाचणारी पोरं तुझ्या वयाची असतात, आणि त्यांच्यातलाच एखादा पुढे तुझ्या पिढीचा कवी होणार असतो. त्यांच्या झोळीत स्वखर्चाने छापलेला संग्रह असला तर विकत घे. काहीशे प्रतींची आवृत्ती असते, संपली की संपली.

दिवाळी अंक ही पुढच्या सगळ्याची पूर्वतयारी आहे असं समज. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, आणि अजूनही मराठीतला नवा लेखक आधी दिवाळी अंकातच भेटतो. सगळे अंक विकत घेणं कुणालाच परवडत नाही. वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, ती भर. किंवा मैत्रिणींनी दोन-दोन घ्या आणि फिरवा. पुढच्या ग्रंथोत्सवाच्या, संमेलनाच्या पत्रिकेत कोण बोलणार आहे ते बघ, त्याचं नाव अनुक्रमणिकेत शोध आणि तेवढा मजकूर वाचून जा.

संमेलनाबद्दल थोडंच. ग्रंथदिंडी बघ, अध्यक्षांचं छापील भाषण मिळव आणि कविकट्ट्यावर तासभर तरी थांब. पण कुठलाही एकच मांडव म्हणजे सगळं साहित्य असं मानू नकोस. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७८ साली पहिली ग्रंथकारांची सभा भरली. १८८५ च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं, ते का नाकारलं हे त्यांच्या पत्रातून नीट वाच. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं आणि अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्यात अखिल भारतीय संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन एकाच वेळी होती. असा योग पुन्हा आला तर सकाळ एका मांडवात घालव, दुपार दुसऱ्यात. दोन्हीकडे जे पटणार नाही तेही शेवटपर्यंत बसून ऐक.

खर्चाचं म्हणशील तर मोसमाच्या सुरुवातीलाच एक रक्कम बाजूला काढ आणि तिचे तीन वाटे कर. एक दीक्षाभूमीसाठी, एक कवींच्या संग्रहांसाठी, आणि तिसरा आपल्या गावच्या वाचनालयाला द्यायच्या पुस्तकासाठी. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी दर्जात सगळ्यात खालच्या वाचनालयाकडे नव्या खरेदीला फार पैसे नसतात. दिवाळीला घरी येशील तेव्हा ते पुस्तक माझ्याकडे नको, थेट ग्रंथपालाच्या हातात दे, आणि दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक पडेपर्यंत तिथेच बस.