दुसऱ्याच्या देहाचा जमाखर्च

डेन्व्हर, कोलोरॅडो

चिरंजीव अनिरुद्ध यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. महाविद्यालयाच्या संघातील तुझी क्वार्टरबॅकची कारकीर्द आता संपली, व्यावसायिक संघाकडून बोलावणे येण्याचा संभव नाही, हे तू स्वतःच निःसंकोचपणे लिहिले आहेस. आणि आता शिक्षणशुल्काची माफी व हातखर्चापुरता तनखा एवढ्यावर एका विद्यापीठाच्या संघात पदव्युत्तर साहाय्यक म्हणून रुजू व्हावे, की वडिलांच्या इच्छेप्रमाणे एखाद्या बँकेत नोकरी धरावी, असा पेच माझ्यापुढे ठेवला आहेस. आयुष्यभर पुलांचे आराखडे काढलेल्या, सातारा जिल्ह्यातून इकडे आलेल्या माणसाला अमेरिकन फुटबॉलसारख्या खेळातले मर्म ते काय कळणार, असे तुझे वडील म्हणतील, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु माइक शॅनहॅन या गृहस्थांची डेन्व्हरच्या व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून चौदा हंगामांची कारकीर्द मी याच शहरात राहून पाहिली आहे, आणि एखाद्या व्यवसायाचे गुणदोष कळण्यास एका मातब्बर माणसाचे आयुष्य नीट न्याहाळणे दहा पुस्तकांपेक्षा अधिक उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. ताईही हे पत्र वाचील म्हणून तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मी फोड करून लिहितो, त्याबद्दल कंटाळू नकोस.

शॅनहॅन हेही तुझ्याच इलिनॉय राज्यातले आणि तुझ्यासारखेच एका लहान महाविद्यालयाचे, चार्ल्स्टन गावातील ईस्टर्न इलिनॉयचे, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन संघाचे आक्रमण चालवणारे खेळाडू. १९७४ च्या वसंतऋतूतील सरावात त्यांच्यावर असा काही आघात झाला की एक मूत्रपिंड फुटले, रुग्णालयात हृदय काही सेकंद थांबले, आणि धर्मगुरूला पाचारण करून त्यांच्यावर अंत्यसंस्कारपूर्व विधीदेखील करण्यात आला. ते वाचले, पण एक मूत्रपिंड गमावून. आणि पुन्हा मैदानावर उतरण्यास वैद्यांनी कायमची मनाई केली. बाविशीही न गाठलेल्या तरुणाला एवढा प्रसंग या खेळापासून दूर नेण्यास पुरेसा ठरला असता, आणि त्यात कोणी त्यास भ्याड म्हटले नसते. त्यांनी मात्र पदवी पदरात पाडून घेतली आणि १९७५ साली ओक्लाहोमा विद्यापीठात बॅरी स्विट्झर यांच्या दिमतीस ते उमेदवार साहाय्यक म्हणून दाखल झाले. त्याच वर्षी तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला. अर्थात त्यात या उमेदवाराचा वाटा किती असेल, हे तुझ्यापुढे असलेल्या कामांची यादी पाहिलीस म्हणजे तुलाच कळेल. चित्रफिती पाहून प्रतिपक्षाच्या चाली कागदावर उतरवणे, सरावासाठी त्यांचे पत्ते काढणे, वरिष्ठांच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसून न विचारता न बोलणे, हे त्या उमेदवारीचे स्वरूप तेव्हाही होते आणि आजही तेच आहे.

त्यानंतरचा त्यांचा प्रवास मी तुझ्या वडिलांना मुद्दाम वाचून दाखवावा म्हणतो, कारण त्यांच्या हरकतीत तथ्य आहे. ओक्लाहोमातील नॉर्मन, ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ, पुन्हा चार्ल्स्टन, मग मिनिआपोलिस, मग फ्लॉरिडातील गेन्सव्हिल आणि १९८४ साली येथे डेन्व्हर: नऊ वर्षांत सहा गावे! आपल्याकडे महसूल खात्यातील कारकुनाचीही इतक्या वेळा बदली झाली असती तर त्याने वरपर्यंत अर्ज केले असते. आणि सरकारी बदलीत निदान हुद्दा व निवृत्तिवेतन शाबूत राहते. येथे वरचा प्रशिक्षक बडतर्फ झाला की त्याच्या हाताखालची सगळी मंडळी, त्यांचा दोष असो वा नसो, त्याच आठवड्यात आपापली दप्तरे खोक्यांत भरू लागतात. घर विकत घेऊ नये, मुलांच्या शाळा मध्येच बदलाव्या लागतात, पत्नीची नोकरी नेहमी दुय्यम ठरते. तू अविवाहित आहेस म्हणून हे आज तुला जाणवणार नाही. ज्या मुलीशी लग्न करशील तिला ते लग्नाआधी सांग.

बडतर्फीचा अनुभव शॅनहॅन यांनाही चुकला नाही. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या रेडर्स संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. मालक अल डेव्हिस हे स्वतः या विद्येतले जुने जाणते आणि तितकेच हेकेखोर. दुसऱ्या हंगामाचे चार सामने झाले नाहीत तोच नेमणूक रद्द झाली. वीस सामन्यांत आठ विजय एवढीच त्यांच्या खात्यावरची जमा, आणि थकलेल्या वेतनाची तकरार पुढे कित्येक वर्षे चालली ती वेगळीच. माझे लक्ष मात्र त्यापुढील गोष्टीकडे जाते. मुख्य पद भूषवलेला हा माणूस खालच्या हुद्द्यावर डेन्व्हरला परतला, आणि १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आक्रमणाचा संयोजक म्हणून जाऊन नव्या पद्धतीची विद्या जणू पहिल्यापासून शिकला. तेथे बिल वॉल्श यांनी घालून दिलेला एक शिरस्ता होता: सामन्यातील पहिल्या पंधरा-वीस चाली आदल्या दिवशी, शांत चित्ताने, कागदावर लिहून ठेवायच्या आणि शक्यतो त्याच क्रमाने खेळायच्या. सत्तर हजारांचा गलका चालू असताना मनुष्याची विवेकबुद्धी जागेवर राहतेच असे नाही, म्हणून विवेकाचे काम आधीच उरकून ठेवावयाचे, हे त्यामागील तत्त्व. हा शिरस्ता लक्षात ठेव. त्याचे प्रयोजन मला पुढे पडणार आहे.

१९९५ साली ते मुख्य प्रशिक्षक म्हणून डेन्व्हरला आले, आणि त्या वर्षी खेळाडूंच्या निवडीत सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर, टेरेल डेव्हिस नावाचा एक मुलगा संघात आला. ॲलेक्स गिब्ज या वयस्क प्रशिक्षकाने शिकवलेली पद्धत अशी की आघाडीचे पाचही लाइनमन एका लयीत आडवे सरकत जावयाचे, आणि मागून धावणाऱ्याने जी फट दिसेल तीत एकदाच वळून निर्धाराने घुसायचे. लाइनमन म्हणजे काय हे ताईला सांगायला हवे: चेंडूला ज्यांचा हात क्वचित लागतो, ज्यांची नावे वर्तमानपत्रांत येत नाहीत, पण ज्यांच्या अंगावर क्वार्टरबॅकची कीर्ती उभी असते, अशी ही धिप्पाड माणसे. अनिरुद्ध, येथे तुला एक परखड गोष्ट सांगतो. क्वार्टरबॅकने चार वर्षे या लोकांच्या केवळ पाठी पाहिलेल्या असतात. सरावात त्याला वेगळ्या रंगाचा अंगरखा घालून कोणी हात लावायचा नाही असा हुकूम असतो. त्यामुळे सगळा खेळ आपल्याला समजतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होते, आणि ती अर्धीच खरी असते. नव्या ठिकाणी जाशील तेव्हा वरिष्ठ तुला सवयीने क्वार्टरबॅकच्या खोलीत बसवतील. तू विनंती करून पहिले वर्ष लाइनच्या प्रशिक्षकाकडे काढ. गुडघा कोठे वळतो, कंबर किती वाकते, मान कधी सापडते, हे तेथेच कळते.

मान आणि गुडघा हे शब्द मी सहज लिहिले नाहीत. डेन्व्हरचे लाइनमन प्रतिपक्षाच्या पायांवर खालून झेप घेतात, अशी इतर संघांची ओरड त्या काळी वर्षानुवर्षे चालू असे. नियमात ते बसत होते, आणि आम्ही डेन्व्हरकर ती ओरड हरलेल्यांचा मत्सर समजून हसण्यावारी नेत होतो. गणेशोत्सव आणि या खेळाचा हंगाम एकाच सुमारास येत असल्यामुळे येथील मराठी मंडळींच्या आरतीच्या वेळादेखील सामना पाहून ठरत, असे ते दिवस!

आता २५ जानेवारी १९९८ चा तो अंतिम सामना. ठिकाण सॅन डिएगो, प्रतिपक्ष ग्रीन बे, आणि यापूर्वीच्या चारही अंतिम सामन्यांत हरलेले आमचे डेन्व्हर. पहिल्या भागाच्या शेवटी टेरेलला अर्धशिशीचा असा झटका आला की त्याला डोळ्यांपुढचे दिसेना. तो कडेला येऊन शॅनहॅन यांना तसे म्हणाला. पुढची चाल ही फसवणुकीची होती: चेंडू टेरेलला दिल्याचे भासवून क्वार्टरबॅक जॉन एल्वे याने स्वतःच दुसऱ्या बाजूने शिरायचे. तू मैदानात नसशील तर ते फसणार नाहीत, एवढ्या एका चालीपुरता जा, तुला काही दिसण्याची गरज नाही, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. तो गेला, प्रतिपक्ष फसला, एल्वेने टचडाउन केला. विश्रांतीनंतर टेरेल परतला आणि सामन्यात एकूण १५७ यार्ड व तीन टचडाउन नोंदवून सामन्याचा मानकरी ठरला. डेन्व्हर ३१–२४ ने जिंकले. टेरेल स्वतः ही हकीकत तक्रारीच्या सुरात सांगत नाही आणि या शहरात ती चातुर्यकथा म्हणून ऐकली जाते. मीही ती तशीच ऐकत आलो. पण जो माणूस स्वतः एका सरावात मृत्यूच्या दारी जाऊन आला, त्याने दृष्टी गेलेल्या मुलाला बावीस माणसांच्या गर्दीत, एक पाऊलभर का होईना, पाठवावे, ही गोष्ट आज माझ्या गळी उतरत नाही.

पुढच्या हंगामात टेरेलला ३९२ वेळा चेंडू दिला गेला, २,००८ यार्ड झाले, दुसरे अजिंक्यपद आले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी चौथ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. नियमित हंगामांचे अवघे ७८ सामने खेळून हा मुलगा निवृत्त झाला. त्याच्या जागी ओलँडिस गॅरी आला, मग माइक अँडरसन, मग क्लिंटन पोर्टिस, आणि त्या प्रत्येकाने हजारांहून अधिक यार्ड धावून दाखवले. पद्धत उत्तम असली की माणूस बदलला तरी काम अडत नाही, याचा हा नमुनेदार दाखला म्हणून पंडित लोक त्याची वाहवा करतात. ती वाहवा योग्यच आहे. परंतु ज्या प्रशिक्षकास खेळाडू बदलता येतो हे एकदा कळले, त्यास खेळाडू जपण्याची निकड कमी वाटू लागते, आणि ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही.

डेन्व्हरची कारकीर्द २००८ च्या डिसेंबरात संपली. ती कशी संपली यात शिकण्यासारखे फारसे नाही. शेवटचे तीन सामने ओळीने हरले आणि मालकाने निरोप दिला. पुढे वॉशिंग्टनच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी काढलेल्या चार वर्षांबद्दल मात्र थांबावे लागते. तेथे रॉबर्ट ग्रिफिन हा विलक्षण तरुण क्वार्टरबॅक त्यांच्या हाती आला. २०१२ च्या डिसेंबरात त्याचा गुडघा दुखावला. एक सामना विश्रांती घेऊन तो परतला. आणि ६ जानेवारी २०१३ रोजी सिॲटलविरुद्धच्या बाद फेरीत तो लंगडताना साऱ्या देशाने पाहिले. तो म्हणाला मी ठीक आहे, आणि शॅनहॅन यांनी त्याचा शब्द मानला. चौथ्या भागात एक घरंगळलेला चेंडू उचलू जाताना तो गुडघा पूर्णपणे निकामी झाला. शस्त्रक्रिया झाली, तो पुढे खेळलाही, पण त्या पहिल्या वर्षाचा ग्रिफिन पुन्हा कोणी पाहिला नाही. एका वर्षाने शॅनहॅन यांनाही तेथून जावे लागले. याच काळात त्यांच्या हाताखाली त्यांचा मुलगा काइल, शॉन मॅकव्हे, मॅट लाफ्लोर, माइक मॅकडॅनियल असे पुढे मुख्य प्रशिक्षक झालेले तरुण काम करीत होते, म्हणजे विद्यादानात हा माणूस किती थोर, हे निराळे सांगायला नको.

मी त्यांना क्रूर म्हणत नाही. वीस वर्षांचा खेळाडू मी ठीक आहे असेच म्हणणार. तूही गेल्या शरदात खांदा सुजलेला असताना तेच म्हणालास, हे ताईने मला कळवले आहे. मी पूल बांधत असे तेव्हा त्यावर किती भार घालावा हे त्या पुलाला विचारण्याची सोय नव्हती, आणि ते बरेच होते. आकडे आधी मांडलेले असत आणि कोणी कितीही मोठा अधिकारी आला तरी ते त्याच्या मुलाहिज्याने बदलत नसत. तुझ्या धंद्यात मात्र ज्याला विचारू नये त्यालाच विचारण्याचा प्रघात आहे. म्हणून वॉल्श यांचा शिरस्ता तू येथे लाव. खेळाडू जखमी असताना त्याने खेळावे की नाही याचा निर्णय कोणी द्यायचा, तो डॉक्टरने दिला तर प्रशिक्षकाने तो मोडायचा नाही, आणि खेळाडूच्या होकारास त्यात स्थान नाही, हे सामन्याच्या आधी, कोरड्या मनाने, कागदावर लिहून वरिष्ठांची सही घेत जा. उमेदवाराचे कोण ऐकणार, असे म्हणशील. पहिल्या वर्षी कोणी ऐकणार नाही. पण कडेला उभे राहून लंगडणारा पाय सर्वांत आधी उमेदवारालाच दिसतो, कारण इतरांचे डोळे चेंडूवर असतात; आणि दिसले की बोलण्यास हुद्दा लागत नाही. त्यापायी नेमणूक गेली तर निमूटपणे परत ये, माझ्या घरी जागा आहे.

राहता राहिला तुझा मूळ प्रश्न. नेमणूक स्वीकार. दोन वर्षांची मुदत धर, पदव्युत्तर पदवी मात्र कोणत्याही सबबीवर अर्धी टाकू नकोस, आणि करारनाम्यात शिक्षणशुल्काची माफी उन्हाळी सत्रालाही लागू आहे की नाही हे लेखी विचारून घे; तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस. वडिलांची समजूत मी काढावी अशी तुझी अपेक्षा पत्रातून दिसते, पण ते माझे काम नव्हे. येत्या रविवारी सामना न लावता त्यांच्यासमोर स्वतः बैस आणि पगाराचा आकडा त्यांना पहिल्या वाक्यातच सांग.

तुझा,
मामा