बैल म्हणजे शक्ती? चित्रातला प्राणी पाहताना

रसग्रहणाच्या तासाला मी बरीच वर्षं फळ्यावर एक यादी लिहून द्यायचो. घोडा म्हणजे वेग, बैल म्हणजे शक्ती, कबूतर म्हणजे शांती. मुलं पाठ करायची आणि चित्राकडे बघायचीच नाहीत. ती यादी बंद पडली तय्यब मेहतांच्या बैलामुळे.

मेहता (१९२५–२००९) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९५६ चं त्यांचं 'ट्रस्ड बुल' म्हणजे पाय बांधून पाडलेला बैल. आठवीच्या वर्गात त्याची प्रिंट लावली. उत्तर ठरलेलंच आलं, "सर, शक्ती!" मी म्हटलं, बरं, आता फक्त पाय बघा. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पत्र्या मारायला बैल असाच पाडतात. आमचा तर डोळे पांढरे करतो." वर्ग गप्प झाला. पोळ्याला हीच मुलं बैल काढतात तो उभा, झूल घातलेला. इथे ताकद तेवढीच आहे, पण तिला जायला जागा नाही.

मग माहिती दिली. १९४७ च्या दंगलीत जमावाने एका माणसाला ठार मारलेलं मेहतांनी मुंबईत पाहिलं होतं. पुढे १९७० च्या त्यांच्या 'कूडल' या लघुपटात वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्यं आली. हे आधी सांगितलं असतं, तर मुलं बैल सोडून दंगलच शोधत बसली असती. म्हणून माझा आग्रह आहे, चरित्र नंतर. आधी विचारा: अंगाचं वजन कुठे पडलंय? रेघ कुठे तुटते? मान कुठे वळलीय? शेजारी हुसेनचा उधळलेला घोडा ठेवला, की हे प्रश्न आपोआप सुटू लागतात.

१९९० च्या दशकातली त्यांची महिषासुराची चित्रंही दाखवावीत. (तो रेडा, बैल नव्हे, मुलं लगेच चूक काढतात.) देवी आणि असुर यांची अंगं अशी गुंतलेली, की मारामारी आहे की मिठी यावर आमच्याकडे घंटा होईपर्यंत वाद चालला.

पालकांना एकच विनंती. घरी मुलाने प्राणी काढला, तर "हे काय आहे?" ऐवजी "याला काय होतंय?" असं विचारून बघा.

यंदा पोळ्याच्या चित्रात एका मुलाने वेसण आधी काढली, लाल आणि जाड. बैल नंतर, पेन्सिलीने, फिका. मार्क किती द्यायचे ते मी अजून ठरवलेलं नाही.