गळके वातानुकूलन यंत्र आणि जुनी घरे

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांच्या जुन्या वस्त्यांत तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन-चार मजली इमारती आजही मोठ्या संख्येने उभ्या आहेत. त्या बांधल्या गेल्या तेव्हा छताचा पंखा हेच घरोघरी गारव्याचे साधन होते. आता त्याच भिंतींना भोके पाडून वातानुकूलन यंत्रे बसविण्यात आली आहेत. यंत्र ठिबकू लागले की त्याखाली बादली ठेवली जाते आणि दुरुस्ती लांबणीवर पडते. ही चालढकल यंत्रापेक्षा घरालाच अधिक महाग पडते.

पाणी येते कोठून?

हे पाणी हवेतील बाष्पाचे असते. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी अशी यंत्रणा आखली, तीही मुख्यतः हवेतील दमटपणा आटोक्यात ठेवण्यासाठीच. यंत्रातील थंड नळ्यांच्या जाळीवर बाष्पाचे पाणी होते, ते खालच्या पन्हळीत जमते आणि नळीवाटे बाहेर जाते. खाडीकाठच्या दमट हवेत दीड टनी यंत्रातून तासाला एक ते दोन लिटर पाणी निघू शकते. म्हणजे आठ तासांच्या एका रात्रीत बादलीभर! ही वाट अडली की तेच पाणी भिंतीत मुरते.

दोष शोधण्याचा क्रम

प्रथम यंत्राचा वीजपुरवठा मुख्य कळीवरून बंद करावा. त्यानंतर सोप्याकडून अवघडाकडे जावे.

१. हवेची जाळी : ती धुळीने भरली की हवा अडते, नळ्यांवर बर्फ साचतो आणि यंत्र थांबताच वितळून पाणी बाहेर सांडते. जाळी दर पंधरवड्यास धुवावी.

२. निचऱ्याची नळी : गळतीचे हे सर्वांत सामान्य कारण. नळीत शेवाळासारखा बुळबुळीत थर साचतो. कोमट पाणी सोडून ती मोकळी करावी. नळीला बाहेरच्या बाजूस सलग उतार असावा. मध्ये झोळ असू नये.

३. यंत्राची बैठक : जुन्या विटांच्या भिंतीत खिळे सैल होतात व यंत्र निचऱ्याच्या विरुद्ध बाजूस कलते. पातळी तपासून पक्के बसवावे.

४. नळ्यांवरील आवरण व भिंतीतील भोक : आवरण फाटल्यास तांब्याच्या नळीला घाम सुटतो. भोकाचा उतार आत असल्यास पावसाचे पाणीही घरात येते.

जाळी स्वच्छ असूनही बर्फ धरत असेल, तर वायू कमी झाल्याचा संभव असतो. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच होय. गळती न शोधता नुसता वायू भरून घेणे व्यर्थ आहे. काही नवीन यंत्रांतील वायू ज्वालाग्राही असतात, हेही ध्यानात ठेवावे.

खरा धोका

मुरलेले पाणी सिमेंट-काँक्रीटमधील लोखंडी सळयांपर्यंत पोहोचते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला तडे जातात आणि पोपडे सुटतात. जुन्या घरांतील वीजतारा व सदोष अर्थिंग यांमुळे ओल्या भिंतीला विजेचा झटका बसण्याची भीतीही असते.

जुलै २०१५ च्या अखेरीस ठाकुर्लीत आणि त्यानंतर आठवड्याच्या अंतराने ठाण्याच्या नौपाड्यात जुनी इमारत कोसळून मनुष्यहानी झाली. या दुर्घटनांचा संबंध वातानुकूलन यंत्रांशी जोडता येणार नाही. परंतु जीर्ण बांधकामाला ओलीची उपेक्षा परवडत नाही, हा धडा त्यांतून घ्यावयास हवा. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमान्वये आवश्यक आहे. त्या वेळी यंत्रांची भोके, लोखंडी कंस व ओलीचे डाग अभियंत्यास अवश्य दाखवावेत.

गृहनिर्माण संस्थांनी निचऱ्याच्या नळ्या सज्जावर न सोडता एका उभ्या नळाला जोडून घ्याव्यात. शाळा, कार्यालये व पंचायतींच्या जुन्या वास्तूंनाही हाच नियम लागू पडतो. पावसाळ्यापूर्वी दिलेला अर्धा तास पुढे भिंत फोडण्याचा प्रसंग टाळू शकतो.