आधीचे सिझर आणि वारेची जागा

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला मऊ अस्तर असते. आईच्या रक्तातून बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचवणारी वार या अस्तरात रुजते आणि बाळ जन्मल्यावर त्यातूनच सुटून पडते. सिझरमध्ये गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतात. तो शिवला जातो, भरूनही येतो. पण व्रणाच्या जागी अस्तर पूर्वीसारखे तयार होत नाही. पुढच्या खेपेला वार नेमकी त्या व्रणावर रुजली, तर तिला अडवणारे काही उरत नाही. ती स्नायूत शिरते, आणि कधी स्नायू ओलांडून मूत्राशयापर्यंत पोचते. हा प्लासेंटा अ‍ॅक्रिटा. वार गर्भाशयाच्या तोंडावर किंवा तोंडाशी येणे, म्हणजे प्लासेंटा प्रीव्हिया, हा वेगळा दोष. दवाखान्यातल्या बोलण्यात 'वार खाली आहे' एवढेच म्हणतात. खरा घात होतो तो दोन्ही एकत्र आल्यावर.

अमेरिकेत सिझर झालेल्या तीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. वार खाली असलेल्या स्त्रियांमध्ये अ‍ॅक्रिटाचे प्रमाण पहिल्याच सिझरला 3 टक्के होते, दुसऱ्याला 11, तिसऱ्याला 40 आणि चौथ्याला 61. वार वर असेल तर मात्र इतक्या सिझरनंतरही ते एक टक्क्याच्या आतच राहिले. म्हणजे सिझर किती झाली याच्याइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व वार कुठे आहे याला आहे. महाराष्ट्रात आता साधारण चार बाळंतपणांत एक सिझरने होते, तेव्हा हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही.

पिशवी साफ करण्यानेही, म्हणजे क्युरेटिंगनेही, अस्तराला इजा होते आणि धोका वाढतो. बीड जिल्ह्यात ही बाब बाजूला ठेवता येत नाही. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे इथे 807 मुली होत्या, राज्यातले सर्वांत कमी प्रमाण. मुलगा हवा म्हणून पुन्हा पुन्हा गरोदरपण आणि अधेमधे चोरून केलेला गर्भपात यांची नोंद कुठल्याच कागदावर नसते. सासूसमोर विचारले तर बाई नाहीच म्हणणार. ही चौकशी एकटीत व्हावी, आणि तिने डॉक्टरला खरे सांगावे.

पहिली सोनोग्राफी सहा ते आठ आठवड्यांत झाली तर गर्भ थेट व्रणातच रुजला आहे का, हे कळते. त्याकडे दुर्लक्ष झाले तर पुढे त्याचाच अ‍ॅक्रिटा होऊ शकतो. दुसरी अठरा ते वीस आठवड्यांची. बाळ ठीक आहे एवढे ऐकून घरी परतण्याची पद्धत आहे, पण सिझर झालेल्या बाईने आणखी एक प्रश्न विचारायचाच: वार कुठे आहे, आणि मागच्या टाक्यांवर आहे का? लिंग विचारणे-सांगणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. वारेची जागा विचारणे मुळीच नाही. रिपोर्टात 'अँटिरिअर, लो लाइंग', म्हणजे वार पुढच्या बाजूला आणि खाली, असे शब्द असतील, तर बाई सिझरची आहे हे ध्यानात घेऊन तो वाचला पाहिजे. वीस आठवड्यांना खाली दिसलेली वार बहुतेकींत पुढे वर सरकते, म्हणून त्या रिपोर्टाने हातपाय गाळायचे कारण नाही. पण बत्तीस आठवड्यांच्या सुमारास कलर डॉपलरसह पुन्हा पाहणे टाळायचे नाही.

नेमकी इथेच हंगामाची अडचण येते. जूनच्या मध्यात शेवटची पाळी आलेल्या बाईचे वीस आठवडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरतात, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात तेव्हा. बत्तिसावा आठवडा जानेवारीअखेर उसाच्या फडात येतो. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा असतो, अर्ध्यावर परतणे सोपे नसते. निदान निघण्याआधी सोनोग्राफी उरकावी आणि माता बाल संरक्षण कार्ड, सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत. पहिले बाळंतपण माहेरी झालेले असते, त्यामुळे मागच्या सिझरचा कागद बहुधा माहेरच्या पेटीतच पडून असतो. तो मागवून घ्यावा. छेद आडवा होता की उभा, हे त्यावरूनच कळते. वार टाक्यांवर असल्याचे निदान झालेल्या बाईने मात्र फडावर जाऊच नये.

वार खाली असल्याची खूण म्हणजे न दुखता अंगावरून जाणारे लालभडक रक्त. दुखत नाही म्हणून ते अंगावर काढले जाते. पहिला रक्तस्राव पुष्कळदा आपोआप थांबतो, नंतरचा थांबेलच असे नाही. वार कुठे आहे हे ठाऊक नसताना कोणालाही, अनुभवी सुईणीलाही, आत हात घालून तपासू देऊ नये. आणि अ‍ॅक्रिटात एक थेंबही रक्त न जाता महिने भरू शकतात, हेही तितकेच खरे.

अ‍ॅक्रिटाचा संशय असेल तर बाळंतपणाची जागा सातव्या महिन्यातच ठरवावी. तिथे रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि नवजात बाळाचा कक्ष एकाच आवारात हवा. जिल्ह्यात याची चौकशी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय इथून सुरू करावी. गुंतागुंत मोठी असेल तर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. आष्टीकडच्यांना अहिल्यानगर जवळ पडते. सरकारी रुग्णालयात सिझर, रक्त आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. अडीअडचणीला 108 ची रुग्णवाहिका आहेच, पण घाटरस्त्यात गाडीत रक्त चढवता येत नाही. हिमोग्लोबिन आधीच 11 च्या वर आणावे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर दाते अगोदर हेरून ठेवावेत.

अ‍ॅक्रिटात दिवस भरण्याची वाट पाहत नाहीत. साधारण चौतीस ते छत्तीस आठवड्यांत, बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शने देऊन, ठरवून सिझर करतात. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहते. चिकटलेली वार ओढली की ते सगळे बाहेर येते. अघटित घडते ते असेच: छोट्या दवाखान्यात नेहमीचे म्हणून सिझर सुरू होते, वार सुटत नाही, ओढली जाते आणि रक्तपेढी दुसऱ्या गावात असते. तयारीनिशी केलेल्या शस्त्रक्रियेत छेद वारेपासून दूर घेतात, बाळ काढतात आणि वारेला हात न लावता तिच्यासकट गर्भाशय काढतात. वार थोड्याच भागात चिकटलेली असेल तर निवडक रुग्णांत गर्भाशय वाचवता येते. पण ते वाचवण्याच्या हट्टापायी जीव जाऊ देऊ नये.

गर्भपिशवी काढणे हे शब्द बीडमध्ये संशयानेच ऐकले जातात, आणि तो संशय अनाठायी नाही. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीला ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. गरज नसताना कर्करोगाची भीती घालून काढलेली पिशवी वेगळी आणि वार रुजल्यामुळे काढलेली वेगळी. हा फरक शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, आधीच, नवऱ्याला आणि घरच्यांना बसवून सांगावा लागतो. संमतीही तेव्हाच घ्यावी.

नंतर मूत्राशयाला इजा झालेली असल्यास लघवीची नळी काही दिवस राहते. फार रक्त गेलेल्या बाईला दूधच आले नाही, थकवा हटला नाही तर मेंदूतल्या पीयूष ग्रंथीची तपासणी करून घ्यावी. गर्भाशय राखलेल्या बाईला पुढच्या खेपेला हाच दोष पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते. तिने नवऱ्याची नसबंदी, तांबी किंवा अंतरा इंजेक्शन यांपैकी उपाय लगेच ठरवावा. गर्भाशय काढलेले असेल तर बीजकोश ठेवले की काढले, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. ते शाबूत असतील तर पाळी येणार नाही, पण शरीरातली संप्रेरके चालू राहतात आणि हाडे ठिसूळ होण्याची घाई होत नाही.