आधी शेळीचं रक्त घाल

चि. चिऊस,


लॅबमध्ये रक्तपेशी मोजणारं नवं सीबीसी मशीन आलं, त्यावर कुत्रा, मांजर, गाय, घोडा, शेळी अशी सगळी चित्रं आहेत, आणि बसवायला आलेल्या माणसाने दुपारीच ‘अचूकता तपासली’ या कागदावर तुझी सही मागितली, असं तू लिहिलंस. सही थांबवलीस ते बरं केलंस. त्याने तपासलं काय? कंट्रोलची बाटली लावली आणि आकडे सोबतच्या कागदावरच्या मर्यादेत आले, एवढंच. कंट्रोलमधल्या पेशी महिनोन्महिने टिकाव्यात म्हणून त्यांच्यावर प्रक्रिया केलेली असते. त्या ताज्या रक्तासारख्या वागत नाहीत. कंट्रोल रोज लावायचाच, कारण मशीन कालच्यासारखंच चालतंय का ते त्याच्यावरून समजतं. पण बार्शीहून आलेल्या शेळीबद्दल ते खरं बोलेल की नाही, याचं उत्तर त्या बाटलीत नाही.

म्हणून पहिलं सॅम्पल शेळीचं घाल. तुझं मशीन ज्या तत्त्वावर मोजतं ते वॉलेस कोल्टरचं, १९५३ च्या पेटंटचं. बारीक छिद्रातून पेशी गेली की विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. अडथळा जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी. म्हणजे मशीनला पेशी दिसत नाही, तिचं आकारमान तेवढं समजतं. एका रेघेच्या खालची ती प्लेटलेट, वरची ती तांबडी पेशी, असा त्याचा हिशेब. आता माणसाची तांबडी पेशी ८० ते १०० फेम्टोलिटर, कुत्र्याची ६० ते ७७, मांजराची ३९ ते ५५, आणि शेळीची जेमतेम १६ ते २५. माणसाच्या रक्तासाठी आखलेली रेघ तशीच ठेवून शेळीचं रक्त घालणं म्हणजे गव्हाच्या चाळणीने मोहरी चाळणं. तांबड्या पेशी रेघेखाली गळतात, त्या प्लेटलेटमध्ये जमा होतात, आणि धडधाकट शेळी कागदावर रक्तक्षयाची रोगी ठरते. शेळीचं चित्र दाबल्यावर ही रेघ खाली सरकायला हवी. ती पुरेशी सरकते का, हे तुलाच पाहायचंय.

पाहायला महागडं काही लागत नाही. केशनळी भर, फिरव, पीसीव्ही (रक्तात पेशी किती टक्के) वाच. फक्त शेळीच्या पेशी इतक्या बारीक असतात की त्या घट्ट बसायला वेळ घेतात. कुत्र्याला पाच मिनिटं पुरतात, शेळीला दहा-पंधरा दे, नाहीतर तुझी नळीच खोटं बोलेल आणि दोष मशीनला जाईल. पीसीव्हीच्या जागी मशीन हिमॅटोक्रिट देतं, पण तो मोजलेला नसतो. पेशींची संख्या गुणिले सरासरी आकार, असा तो काढलेला असतो. त्यामुळे रेघ चुकली की तोही चुकतो. नळीला मात्र कुठलीच रेघ ठाऊक नसते, म्हणून या एका बाबतीत तिचं मी ऐकतो. पावसाळ्यात उस्मानाबादी शेळ्या जंतांनी पांढऱ्याफटक पडून येतात, तेव्हा पीसीव्ही १२ आहे की १८, यावर समोरचा डॉक्टर रक्त चढवायचं का ते ठरवत असतो.

एमसीएचसीकडेही, म्हणजे तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे त्या आकड्याकडेही, नजर असू दे. कुत्र्या-मांजरात तो साधारण ३२ ते ३६ मध्ये असतो. पेशीत हिमोग्लोबिन मावतं तेवढंच मावतं. ४२ आला तर पेशीत काही चमत्कार झालेला नाही. प्लाझ्मा दुधाळ आहे, रक्त फुटलंय किंवा मोजणीत पेशी कमी धरल्या गेल्यात. केशनळीच्या वरच्या भागातल्या प्लाझ्माचा रंग पाहिलास की निम्मं कोडं तिथेच सुटतं.

आता आमच्या पिढीची एक बढाई आहे, ती मनावर घेऊ नकोस. परळच्या कॉलेजात आम्ही न्यूबाउअर चेंबरवर डोळे फोडून पांढऱ्या पेशी मोजल्या, आणि अजूनही आमच्यातले काहीजण ‘हाताची मोजणी तीच खरी’ म्हणतात. हिशेब करून बघ. वीसपट पातळ केलेल्या रक्तात कोपऱ्यांचे चार मोठे चौकोन मोजायचे आणि ५० ने गुणायचं. काउंट ५,००० असेल तर प्रत्यक्षात मोजलेल्या पेशी भरल्या १००. शंभरच पेशी मोजल्यात तर केवळ योगायोगाने त्या ८० किंवा १२० होऊ शकतात, म्हणजे ४,००० आणि ६,००० हे एकाच रक्ताचे दोन प्रामाणिक आकडे. पिपेटची चूक, थकलेले डोळे अजून धरलेच नाहीत. मशीन हजारो पेशी मोजतं. डिफरन्शिअलचंही, म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजण्याचंही, तेच: शंभर पेशी मोजून एखादा प्रकार १० टक्के आला, तर खरा आकडा ४ पासून १८ पर्यंत कुठेही असू शकतो. मशीन मोनोसाइट ९ टक्के दाखवतं आणि तू ५ मोजलेस, तर लगेच मशीन चुकलं म्हणू नकोस. तुलनेसाठी २०० मोज, जमलं तर दोघांनी मिळून ४००.

संख्येत मशीन आपल्यापेक्षा भरवशाचं. पेशी ओळखण्यात ते कच्चं. तांबड्या पेशीत केंद्रक राहिलं असेल तर ते तिला पांढरी समजू शकतं, अपक्व बँड न्यूट्रोफिल त्याच्या हातून निसटतात, आणि बॅबेसियासारखा रक्तातला परजीवी तर त्याला दिसतच नाही. ते काम स्लाइडचं. कोंबडी किंवा पोपटाच्या तांबड्या पेशीत केंद्रक कायमचंच असतं. असं सॅम्पल आलं तर मशीनकडे वळूच नकोस, मुकाट्याने चेंबर काढ.

प्लेटलेटसाठी वेगळी वही कर. आपल्याकडे गोचिडांमुळे कुत्र्यांत एर्लिकिया पोत्याने, तेव्हा कमी प्लेटलेट ही रोजचीच बातमी, आणि ती खरी असते तितकीच खोटीही. मांजराच्या प्लेटलेट मोठ्या, त्यात लगेच गुठळ्या करणाऱ्या. आकाराने काही तांबड्या पेशींशी भिडतात. प्रत्येक कमी आकड्याला आधी स्लाइडची पिसासारखी कड बघ. गुठळ्या तिथे सापडतात. सापडल्या तर आकडा छापू नकोस. ‘गुठळ्या आहेत, प्लेटलेट दिसतात त्यापेक्षा जास्त’ असं लिही. डॉक्टर फोनवर कुरकुरेल की आकडा द्या मॅडम, ऑपरेशन आहे. तरी देऊ नकोस. कॅव्हेलियर जातीचं कुत्रं असेल तर त्याच्या प्लेटलेट वंशानेच मोठ्या आणि संख्येने कमी असतात. त्याला औषध सुरू होण्याआधी तू फोन कर.

माहितीपत्रकात ‘सहसंबंध ०.९८’ छापलंय म्हणतेस. त्यावर भाळू नकोस. मशीन प्रत्येक आकडा वीस टक्के फुगवून दाखवत असेल तरी सहसंबंध पूर्ण १ येईल. १९८६ साली ब्लँड आणि ऑल्टमन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हेच दाखवून दिलं आणि सोपा मार्ग दिला: प्रत्येक सॅम्पलचे दोन आकडे घे, एक मशीनचा, एक हाताने काढलेला, त्यांतला फरक उभ्या अक्षावर, सरासरी आडव्या अक्षावर मांड. फरक शून्याभोवती विखुरलाय की एका बाजूला झुकलाय, कमी आकड्यांकडे रुंद होतोय का, हे डोळ्यांनाच दिसतं. प्रत्येक जातीची निदान चाळीस सॅम्पल जमव, शेळीची शेळीत, कुत्र्याची कुत्र्यात. एकाच आलेखात सगळं घुसळू नकोस. आणि धट्टीकट्टी जनावरंच निवडलीस तर सगळं गोडच दिसेल. चूक राहते ती पीसीव्ही १० आणि प्लेटलेट २०,००० च्या टोकाला, आणि उपचार ठरतात तेही तिथेच.

दोन्ही मोजण्या काही तासांतच उरक, कारण रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएमध्ये रात्रभर ठेवलेल्या रक्तातल्या पेशी फुगतात. ईडीटीएची नळी अर्धीच भरलेली असेल तर जास्तीच्या ईडीटीएने त्या आक्रसतात. अशी नळी तुलनेत घेऊ नकोस. दाट रक्तानंतर लगेच पातळ रक्त तीनदा लाव, पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा जास्त आला तर आधीच्याचं उष्टं राहतंय. एकच सॅम्पल दहादा लावून आकडे किती हलतात तेही पाह. तासाभराचं काम आहे.

सगळं झाल्यावर कदाचित कुत्र्यासाठी मशीन उत्तम, गायीसाठी चालेल, मांजराच्या प्लेटलेटसाठी नाही, असा निकाल येईल. मग सही तशीच कर, जातीजातीने वेगळी, आणि जिथे नाही तिथे ‘नाही’ लिहून. त्या माणसाला आवडणार नाही. कागदावर तेवढी जागा नसेल तर मागच्या बाजूला लिही. शेळ्यांचे आकडे जमले की आलेख मला पाठव, मी माझ्या चष्म्यातून एकदा बघतो. आईला सांग, दिवाळीला येतोय.

तुझा,
मामा