सभासद अभ्यास: उचल कोणाची, मासळी कोणाची?



1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची बंदी संपत आली की आपल्या जेटीवर एकच धावपळ असते. जाळी, बर्फ, डिझेल, इंजिनाचं काम, खलाशांची उचल. पैसा याच दिवसांत लागतो आणि याच दिवसांत कर्जाचे व्यवहार ठरतात. म्हणून आज कर्ज आणि मासळी विक्री यांच्या संबंधावर अर्थशास्त्रज्ञांनी काय अभ्यास केला आहे ते पाहू. हा अभ्यास आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, केरळमध्ये झालेला आहे.

पहिला अभ्यास रॉबर्ट जेन्सन यांचा, 2007 साली प्रसिद्ध झालेला. कोळिकोड, कन्नूर आणि कासरगोड जिल्ह्यांतल्या तारली पकडणाऱ्या होड्यांची माहिती त्यांनी 1996 ते 2001 दर आठवड्याला गोळा केली. 14 जानेवारी 1997 ला वडकरा किनाऱ्यावर 11 जणांना गिऱ्हाईकच मिळालं नाही, मासळी टाकून द्यावी लागली. त्याच सकाळी 15 किलोमीटरच्या आत दुसऱ्या दोन किनाऱ्यांवर 27 खरेदीदार मासळी न मिळाल्याने परत निघाले होते. एकमेकांची खबर नव्हती, एवढंच कारण.

1997 पासून किनाऱ्यावर मोबाईलचे टॉवर आले. होडीवाले समुद्रातूनच फोन करून भाव विचारू लागले. आधी 5 ते 8 टक्के मासळी वाया जायची, ती जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाईकाला मासळी सुमारे 4 टक्के स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा.

पण गोष्ट इथे संपत नाही. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी पुढे केरळमध्ये जाऊन हाच प्रश्न पुन्हा तपासला. त्यांचा अभ्यास 2013 चा. भाव विचारून बंदर बदलणं सगळीकडे होत नाही, असं त्यांना दिसलं. अनेकांना ठरलेल्या लिलाववाल्याकडेच मासळी घालावी लागते, कारण होडीसाठी किंवा जाळ्यासाठी पैसे त्याने दिलेले असतात. फोनवर शेजारच्या बंदराचा भाव कळला तरी होडी तिकडे वळवता येत नाही. त्याही आधी, 1980 च्या दशकात, ज्याँ-फिलिप प्लातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण केरळच्या तीन गावांत असंच पाहिलं होतं. व्यापारी कर्ज देतो, व्याज मागत नाही, मासळीवर हक्क मागतो. अर्थशास्त्रात याला जोडव्यवहार म्हणता येईल: कर्ज आणि विक्री एकाच गाठीत बांधलेली.

मग हे बिनव्याजी कर्ज खरंच बिनव्याजी असतं का? एक हिशोब करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा 1 लाख रुपये उचल घेतली. हंगामात 10,000 किलो मासळी, सरासरी 100 रुपये दराने, म्हणजे 10 लाखांची विक्री. खुल्या लिलावात कमिशन 5 टक्के, उचल देणाऱ्याकडे 8 टक्के. जादा 3 टक्क्यांचे झाले 30,000. शिवाय किलोमागे 2 रुपये कमी भाव मिळाला तर आणखी 20,000. एकूण 50,000 रुपये गेले, आणि 1 लाख मुद्दल तशीच उभी. किसान क्रेडिट कार्डावर तेच 1 लाख 7 टक्क्यांनी वर्षाला 7,000 पडतात, वेळेवर फेडलं तर सवलतीने 4,000.

तरीही लोक दलालाकडेच का जातात? ते काही अडाणी नाहीत. दलाल रात्री बारा वाजताही पैसे देतो, कागद मागत नाही. मासळी लागली नाही तर त्या दिवशी कमिशनही नाही. बँकेचा हप्ता मात्र वारा-पाऊस बघत नाही. म्हणजे दलाल कर्जाबरोबर एक प्रकारचा विमाही विकतो, आणि त्याची किंमत आपण प्रत्येक टोपलीमागे मोजतो.

खलाशांचंही तसंच आहे. मालक उचल देतो, खलाशी हंगामभर त्याच बोटीला बांधला जातो. ही उचल द्यायला मालक स्वतः दलालाकडून घेतो. साखळीच तयार होते.

यावर उपाय केरळच्याच मच्छीमारांनी काढला. मरियनाड गावातल्या सोसायटीपासून सुरुवात झाली आणि 1980 मध्ये दक्षिण भारतीय मच्छीमार संघांचा महासंघ उभा राहिला. पद्धत साधी. लिलाव सोसायटी करते, कर्जही मिळवून देते, आणि विक्रीच्या रकमेतून ठरलेले टक्के हप्ता आणि बचत म्हणून कापते. जास्त मासळी तर जास्त हप्ता, कमी मासळी तर कमी. दलालाची सोय तीच ठेवली, फक्त मुद्दल फिटत जाते आणि लिलाव सभासदांच्या हातात राहतो. सरकारनेही हात लावला: 2008 मध्ये केरळमध्ये मच्छीमारांसाठी कर्जमुक्ती आयोगाचा कायदा झाला.

मात्र ही पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. सोसायटीचं कर्ज घेतलेल्या सभासदाने मासळी सोसायटीच्या लिलावातच घातली पाहिजे. चार जणांनी गुपचूप बाहेर विकली तर वसुली थांबते, आणि पुढच्या वर्षी पाचव्याला द्यायला पैसे उरत नाहीत. कायदा कितीही चांगला असो, हे काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

आता प्रत्येकाने घरी एक वही घ्या आणि गेल्या हंगामाच्या चार गोष्टी लिहा:
1. उचल किती घेतली, कोणत्या तारखेला.
2. एकूण किती किलो विकली, किती रुपयांना.
3. कमिशन किती टक्के कापलं.
4. त्याच दिवशी खुल्या लिलावात भाव काय होता.

वरच्यासारखा हिशोब मांडा. जमलं नाही तर वही घेऊन ऑफिसात या, एकत्र बसून करू. नवीन उचल घेण्याआधी हे झालं पाहिजे. ऑगस्ट लागला की मग कोणालाच वेळ नसतो.

आपला,
सचिव